वाफा संपेपर्यंत

"वाफा संपेपर्यंत कुणाला मारायचं नाय."

आत्याची ही पहिली अट होती. गोष्ट कुठलीही असो, हाताखालचा वाफा पुरा लागेपर्यंत तिच्यात कुणी मरायचं नाही. कुणी मेलं की बाया डोळ्याला पदर लावतात, हात थांबतात आणि उपटून आणलेली कांद्याची रोपं उन्हात माना टाकतात. मरायचंच असेल तर त्यानं बाया बांधावर पाणी प्यायला बसल्या की मरावं.

तुम्ही अशी बाई कुठल्या तरी शिवारात पाहिली असेल. लुगड्यावर पुरुषी शर्ट, डोक्याला टॉवेल, आवाज चार वावरं ओलांडून जाणारा. आत्या कांदा लावणाऱ्या बायांच्या टोळीची मुकादमीण होती. आमचं गाव आण्याच्या पठाराच्या खाली. तिला घोडेगावाकडे दिलेली. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली, तेव्हा ती एक पिशवी घेऊन माहेरी आली आणि भावाच्या वस्तीवरच्या एका खोलीत राहू लागली. गावची लेक, म्हणून आम्हा सगळ्या पोरांची आत्या.

मी तेव्हा जुन्नरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. सुट्टीच्या दिवशी टोळीबरोबर लागणीला जायचे. पहिल्याच दिवशी आत्यानं विचारलं, "कालिजात काय शिकवत्यात गं?"

"कादंबरी."

"म्हंजी गोष्टच ना? मग सांग की. एकटीच काय खातीस!"

तिथून ते सुरू झालं. आम्हाला अभ्यासाला एक जुनी, मोठी मानली जाणारी कादंबरी होती. चांगल्या घरचा तरुण नादाला लागतो, बायकोला टाकून निघून जातो. मग गरिबी, आजार, अपमान. पश्चात्तापानं तो पोळून निघतो आणि वेगळाच माणूस होऊन घराकडे वळतो. आमचे सर म्हणायचे, थोर कादंबरी माणूस बदलताना दाखवते. पहिल्या पानावरचा माणूस शेवटच्या पानावर सापडत नाही. मला ते वाक्य फार आवडायचं. आमच्यासारख्या घरातून कॉलेजात गेलेल्या मुलीला अशा वाक्याचा आधार लागतो, एवढंच मला सांगता येईल.

आत्यालाही ते पटलं. "बराबर हाये. माणूस व्हता तसाच ऱ्हायला तर गोष्ट कशाला सांगायची? दगडाचीच सांगावी मग."

पण तिचे प्रश्न मला अडवायचे.

"आन् त्याची बायकू?"

"वाट बघत होती."

"कुठं?"

"घरी. दारात."

"खात काय व्हती?"

ते पुस्तकात नव्हतं.

"रानात जात व्हती का? कुणाशी भांडली का? एवढी वर्सं दारात हुबी, पाय न्हाई दुखलं तिचं?"

बाया हसून हसून वाफ्यात बसकण मारायच्या. मी चिडून म्हणायचे, "आत्या, गोष्ट त्याची आहे."

"तेच म्हंते मी," आत्या रोप खोचत म्हणायची. "त्याचीच हाये."

आत्याचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. हट्टी होती. एखादं पात्र आवडलं नाही की सरळ म्हणायची, "त्याला काढ. लई चोंबडा हाये." नायकाचा एक मित्र मी असाच गोष्टीतून काढून टाकला. परीक्षेत नेमकी त्याच्यावरच टीप आली.

बाया ती गोष्ट घरोघर नेत. हळूहळू पारावरचे पुरुषही मला विचारू लागले, "काय गं, आला का तो घरी?" आला होता. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. नायक दारात येऊन उभा होता आणि पुढचं मी पुढच्या रविवारी सांगणार होते.

त्याच आठवड्यात आत्याचा नवरा आला.

पांढरे कपडे, गळ्यात माळ. दारू सुटलेली, दुसरी बाई वारलेली. त्याच्याबरोबर त्याच्या भावकीतली दोन वडीलधारी माणसं होती. आत्याच्या भावाच्या अंगणात बैठक बसली आणि अर्धं गाव तिथं गोळा झालं. आम्हीही गेलो.

भाऊ म्हणाला, "ताई, माणूस बदललाय. आता हट्ट सोड आन् जा त्यांच्यासंगं. खोली मला पोराच्या लग्नाला लागणारे."

म्हणजे नवऱ्याबरोबर जा, नाही तर खोली सोड. हे सगळ्यांना समजलं. तेवढ्यात आमच्या गावातले एक तात्या माझ्याकडे वळले. "पोरी, तुझ्या पुस्तकातल्या बाईनं काय केलं गं? घेतला का त्याला घरात?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खोटं सांगितलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण आत्या माझ्याकडेच बघत होती आणि तिच्यासमोर मला खोटं बोलता येईना.

"दार उघडलं तिनं," मी म्हटलं. "त्याच्या पाया पडली."

"झालं तर!" तात्यांनी मांडीवर थाप मारली. "पुस्तकात बी तेच हाये."

"खरं सांगितलंस ते ब्येस केलंस," आत्या मला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, चार वावरं ओलांडणारा.

"तुमी बदललात. चांगलं झालं. मी त्याला खोटं म्हणत न्हाई. पर मी काय बियाला राखलेला कांदा हाये का, तुमी येईस्तोवर चाळीत तसाच्या तसा पडून ऱ्हायला? मी बी बदलले की! तुमी ज्या बाईला न्यायला आलाय, ती कवाच गेली."

नवरा खाली बघत राहिला. माणूस खरंच निवला असावा. मला त्याची कीव आली, हेही लिहायला हवं.

"आन् तात्या," आत्या म्हणाली, "त्या बाईचं दार व्हतं, तिनं उघडलं. ह्ये दार माझं हाये."

"दार माझं हाये, ताई," भाऊ म्हणाला.

आत्या आत गेली आणि बाहेर आली ती पिशवी आणि पाण्याचा हंडा घेऊन. "बरं बाबा. तुझं दार तुला. मला काय, वावरं पडल्यात."

आण्याच्या पठारावर एका शेतकऱ्यानं तिला पत्र्याची खोली दिली. टोळीतल्या बाया जीपनं तिकडे कामाला जाऊ लागल्या. त्या वर्षी भावाचा कांदा सगळ्यांच्या मागून लागला. त्याला टोळीच मिळेना.

परीक्षेत प्रश्न आला, 'नायकाच्या परिवर्तनाचे चित्रण स्पष्ट करा.' गाईडमधलं उत्तर मला तोंडपाठ होतं. मी लिहिलं की लेखकानं नायकाला बदलायला अख्खी कादंबरी दिली आणि त्याच्या बायकोला फक्त एक उंबरा दिला. माणसाची गोष्ट सांगतो म्हणताना त्यानं घरातलं एक माणूस मोजलंच नाही. सरांनी नंतर बोलावून विचारलं, "प्रश्न काय, तू लिहितेस काय?" मार्क पडायचे तेवढेच पडले. ते उत्तर आज लिहायला सांगितलं तरी मी तसंच लिहीन.

पुढे मी एम.ए.ला पुण्याला गेले. आत्या आजारी पडून नारायणगावच्या दवाखान्यात असल्याचं कळलं होतं. त्या हिवाळ्यात मी घरी आले, तेव्हा टोळी आमच्याच शिवारात लागणीला होती. मुकादमीण नव्हती, तरी बायांचे हात तिनं लावून दिलेल्या चालीनंच चालले होते. मी जाऊन त्यांच्यात बसले.

उन्हं वर आली तेव्हा शेतमालकानं मला बांधावर बोलावलं. त्याच्या हातात नवा मोबाईल होता. हळूच म्हणाला, "दवाखान्यातून फोन व्हता. आत्या गेली. बायांना तूच सांग."

मी परत आले. बायांनी माना वर केल्या.

"काय म्हंत्यात गं मालक?"

वाफा अर्धा लागायचा होता. रोपांच्या जुड्या उन्हात पडल्या होत्या.

"काही नाही," मी म्हटलं. "लावा."

"मग गोष्ट तरी सांग एखादी."

मी जुडी उचलली, त्यांच्या ओळीत बसले आणि सांगायला लागले, एका बाईची गोष्ट, जी दारात उभी राहिली नाही.