सारसोळेच्या खाडीतील आडवी होडी

गेली अमावास्या, त्यानंतरची पौर्णिमा आणि परवाचा रविवार. तिन्ही वेळा जबाबदार एकच: सहलीच्या स्पीडबोटीचा मालक. सारसोळेच्या खाडीत कयाकमध्ये, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या चिंचोळ्या होडीत बसून मी गळ टाकत असताना त्याची बोट माझ्या अगदी जवळून भरधाव गेली.

याच खाडीत एक कोळी आहे. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. माझी कयाक दिसताच तो इंजिन बंद करतो, वल्ह्याने हळूच पुढे सरकतो आणि म्हणतो, "बसा बाबा, पानी हलवत नाय. मासा तुमचाच हाय, गावला तर."

रविवारी तो जाळे ओढत होता. स्पीडबोट माझ्या रोखाने येताना पाहून त्याने जाळे सोडले आणि आपली होडी मध्ये आडवी घातली. बोट ऐनवेळी वळली; जाळे तिच्या इंजिनाच्या पंख्यात सापडून फाटले. कोळी मला म्हणाला, "जालं शिवता येतं, बाबा. तुमाला कुठं शिवनार?"

तेव्हापासून इंजिनाचा आवाज आला की मी आधी त्याची होडी शोधतो. तो पुन्हा आडवा येणार, हे मला ठाऊक आहे. त्या वेळी बोट वळली नाही, तर काय? याचे उत्तर मालकाने धक्क्यावर उभे राहून, सर्वांसमक्ष द्यावे.