मोटारीच्या मुंडावळ्या

मन्मथप्पाला दोनच गोष्टींचा गर्व होता, मिशांचा आणि मोटारीचा. मिशांना पाणी लागत नव्हतं.

मोटार विलायती, कुण्या जहागीरदाराची उतरलेली. वरातीत नवरदेव मिरवायला मन्मथप्पा ती भाड्यानं द्यायचा आणि स्वतः चालवायचा. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कलेक्टर आले, पाट्या रंगल्या, पाणी तेवढं आलं नाही. आम्ही बायका टँकरपुढे घागरींनी भांडायचो आणि ही बया दर वरातीत उकळून घागरभर पाणी ढोसायची.

मन्मथप्पाचा एक नेम होता. नवरदेवाला मुंडावळ्या, तर गाडीलाही हव्यातच! आधी शेवंतीच्या असायच्या. दुष्काळात फुलं मिळेनात, म्हणून त्यानं जाड जरीच्या शिवून घेतल्या. समोरची जाळी पार झाकून टाकायच्या. गाडी नटवी दिसायची, हे खरं.

शेवटी त्याची बायको महानंदा, माझी शेजारीण, कडाडली, "आज वाफ निघाली, की उद्या भंगारवाला! लेकरांना आंघोळ न्हाई अन् हिला घागर?"

मन्मथप्पानं कपाळभर विभूती फासली आणि गुंडप्पा किराणावाल्याच्या पोराला घेऊन निघाला. बँडामागे मुंगीच्या चालीनं. मागे आम्ही बायका. उन्हं अजून चटके देत होती. इंजिनाच्या गरमीचा काटा चढायला लागला. मन्मथप्पानं कुणा मिस्तरीचा सल्ला आठवून हीटर लावला. म्हणे, इंजिनाची गरमी आत ओढली की इंजिन थंड. भर उन्हाळ्यात, लातुरात, हीटर!

"अप्पा, पाय भाजायलेत!" सुटाबुटातला नवरदेव ओरडला.

"भाजू दे. बूट काढ."

"मन्मथ," गुंडप्पा खिडकीत डोकं घालून गरजला, "पोरगं लग्नाला चाललंय का भट्टीला?"

तरी काटा खाली येईना. मन्मथप्पाचा चेहरा पाहवत नव्हता. तेवढ्यात महानंदा पदर खोचून पुढे घुसली. बँडवाले थांबले.

"फुलांच्या होत्या तवा उकळत होती का ही?"

"न्हाई," मन्मथप्पा पुटपुटला.

"तुमच्या नाकातोंडावर गोधडी बांधते, मग घ्या श्वास!" असं म्हणून तिनं जरीच्या मुंडावळ्या ओढून काढल्या.

"अगं, अपशकुन!"

"वाफ निघाली की कळंल शकुन."

आम्ही सगळ्या खिडक्यांतून त्या काट्याकडे डोळे लावून उभ्या राहिलो, जणू तोच नवरदेव. काटा थांबला. मग हळूहळू उतरला. हीटर बंद झाला, बँड वाजला आणि नवरदेव अनवाणी का होईना, मांडवात वेळेत पोचला. वाफ निघाली नाही.

सकाळी भंगारवाला दारात हजर. महानंदानं त्याला आदल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. मन्मथप्पा मोटारीला पाठ लावून उभा राहिला.

भंगारवाला रिकाम्या हातानं मात्र गेला नाही. महानंदानं त्याला मुंडावळ्या देऊन टाकल्या.