नाथाजी विरकर यांच्याकडून

कर्णेवाले हरिबा म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, लीलाबाईचे मालक. लग्न असो, जत्रा असो, झाडावर चढून कर्णा बांधायचा आणि खाली मशीनजवळ मांडी घालून बसायचं, हा त्यांचा धंदा. आमच्या आष्ट्यापासून माणदेशापर्यंत त्यांचे कर्णे वाजले. निम्मं आयुष्य लोकांच्या मांडवात गेलं, पण मांडवातलं गरम जेवण त्यांना कधी मिळालं नाही, असं लीलाबाई म्हणते.

उतारवयात त्यांना एक खोड लागली. जुनी रिळं लावायची, गाणं आलं की कंटाळून पुढं पळवायचं आणि गाणं संपून माणसांचा गलका सुरू झाला की कान लावून बसायचं. शिट्ट्या, आरोळ्या, कुणाचं तरी खोकणं. लीलाबाई कपाळावर हात मारायची. "ह्यांच्या डोक्याचा फ्यूज उडालाय," म्हणायची. मला मात्र त्या खोडीचं कारण ठाऊक होतं.

मी एसटीत कंडक्टर होतो. सांगली-म्हसवड गाडी बरीच वर्षं माझ्याकडं होती. माझं तोंड फाटकं आणि आवाज त्याहून. स्टँडवर मी हाक मारली की शेजारच्या गाडीतले पॅसेंजरसुद्धा उतरायचे. तमाशाचा नाद दाजींना आणि मला सारखाच, फरक एवढाच की ते गप बसून ऐकायचे आणि मी बोंबलायचो.

गावोगावच्या फडांच्या तबकड्या कोण काढणार? पण कर्णेवाल्यांनी आपली सोय केली होती. माइकची एक तार टेपरेकॉर्डरला जोडायची आणि सगळा खेळ रिळावर उतरवून घ्यायचा. फडमालकाला विचारायचं नाही. मग ही रिळं कर्णेवाल्यांत फिरायची. ह्यानं त्याची नक्कल काढायची, त्यानं तिसऱ्याची. शेवटी मूळ खेळ कुठला, कधीचा, हे कुणालाच सांगता यायचं नाही. लावणी झकास असली की झालं. तिचं गोत्र कोण विचारतो?

पंचाहत्तर सालच्या वैशाखात म्हसवडला एका लग्नात दाजींचा कर्णा होता. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि दाजींनी असंच हातात पडलेलं एक रीळ लावलं. मी गाडी स्टँडवर लावून जेवायला आलो होतो. ढोलकी रंगात आली होती. लावणी संपली आणि दौलतजादा सुरू झाली. म्हणजे रसिकानं बक्षीस द्यायचं आणि सोंगाड्यानं त्याचं नाव-गाव पुकारायचं. कर्ण्यातून सोंगाड्या ओरडला, "म्हसवडचे फौजी नाथाजी विरकर यांच्याकडून बाईंना एक रुपया! काय फौजी, घरनं जेवून आलाय का सुकडी खाऊन?"

पंगतीतले हात थांबले. वाढप्याच्या झाऱ्यातली बुंदी तशीच राहिली. नाथाजी विरकर एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला होता. साडेतीन वर्षं त्याची खबर नव्हती, आणि आता तो कर्ण्यातून एक रुपया देत होता. उन्हाचं मला गार वाटलं.

त्याची बायको शालूबाई पंगतीत पाणी वाढत होती. कळशी खाली ठेवून ती मशीनजवळ आली. "दादा, ते परत लावा." दाजींनी लावलं. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "सुकडी."

"काय?" दाजी म्हणाले.

"सुकडी भात्तरच्या दुष्काळात आली, दादा. खडी फोडायच्या कामावर आमी ती खाल्ली. ह्ये तर त्याच्या आदी गेले. म्हंजी लढाई झाल्यावर ह्ये तमाशात हुते. जित्ते हायती."

तिचं म्हणणं चोख होतं. तेवढ्यात मागून नाथाजीची आई, राहीबाई, किंचाळली, "बंद करा ते! बंद करा म्हंते न्हवं!" आणि खाली बसली. बायका म्हणाल्या, म्हातारीला आनंद सोसला नाही. मीही तेच धरून चाललो.

खरी अडचण वेगळी होती. शालूबाईच्या भावानं तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, ठरवला होता. लोणंदचा बिजवर, शांत माणूस, घरात दोन लेकरं. पुढच्याच आठवड्यात पाट लागायचा होता. शालूबाईनं भावाला सांगून टाकलं, नवरा जिवंत असताना दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकणार नाही. आणि दाजींना म्हणाली, "तुमच्या कर्ण्यातनं नाव आलं. आता धनी कुठं हाय, ते तुमीच हुडका. हाय म्हनला तर वाट बगीन. न्हाई म्हनला तर जाईन."

दाजी म्हणजे मुलखाचे भिडस्त. व्हय म्हणून बसले. परतीच्या गाडीत मी त्यांना झाडलं, "दाजी, ह्यो विंचू तुमी खिशात कशाला घेतला?" ते खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणाले, "पाव्हनं, आपन वाजवलं नसतं तर ती आठ दिसांत सुखाला लागली असती."

पुढच्या खेपेला राहीबाईनं मला म्हसवड स्टँडवर गाठलं. वाळलेली, उंच म्हातारी, हातात काठी. माझ्या मनगटाला धरून म्हणाली, "तुमच्या दाजीला सांगा, मेलेल्याचं नाव घिऊन गावं फिरू न्हाई. चांगलं न्हाई हुयाचं."

"आवं आजी, मेलेल्याचं कसं? जित्ता हाय म्हनत्यात न्हवं?"

तिनं हात सोडला. "तेच. गेलेल्याचं म्हनते मी," असं पुटपुटत निघून गेली. मला ते खटकलं. दाजींना सांगितलं तर म्हणाले, आईचं काळीज, वाईट आधी चिंततं. पण त्या दिवसापासून माझ्या मनात काळं मांजर शिरलं. पुढं काहीतरी वाईट वाढून ठेवलंय, असं सारखं वाटायचं.

ते रीळ दाजींना लोणंदच्या नानासो कर्णेवाल्याकडून मिळालं होतं. सुट्टी बघून आम्ही दोघं लोणंदला गेलो. नानासोनं रीळ थोडं ऐकलं आणि हसला. "ह्ये तर मी सवताच उतरवलंय. चव्हात्तरचा चैत. तुमच्याच वाळवं तालुक्यातली जत्रा. आष्ट्याच्या पल्याडचं गाव." आम्ही एकमेकांकडं बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ते असं.

"रुपया कुनी दिला, आठवतंय का?" दाजींनी विचारलं.

नानासोचं हसू गेलं. "आठवतंय की. इसरायचं म्हनलं तरी इसरत न्हाई. तोंडाला टावेल गुंडाळून आलता. टावेल सरकला तर आर्धं तोंड भाजल्यालं, एक डोळा मिटल्याला. सोंगाड्याच्या कानात नाव सांगितलं, रुपया ठिवला आन् लावनी न ऐकताच गेला. त्या बाजूला रानात ऱ्हातो म्हनत हुते. भाजका फौजी म्हनत्यात त्याला."

मला चटकन उलगडा झाला. नाथाजी जगला, पण तोंड असं झाल्यावर गावात कुठल्या तोंडानं यायचं, म्हणून आमच्या उसात लपून बसला. दाजींनाही तेच वाटलं. शालूबाईला आशा लावून ठेवू नका, असं मी सांगत होतो, पण त्यांनी म्हसवडला जाऊन तिला सगळं सांगितलं. ती दळत होती. खुंटा सोडून म्हणाली, "तोंड भाजलं तर भाजलं. भाकर खायला येतं न्हवं? घिऊन या." आणि मग पदरात तोंड घालून इतकी रडली, की मला बाहेर ओट्यावर येऊन उभं राहावं लागलं.

ओट्यावर राहीबाई होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "नका जाऊ रं तिकडं. मी पाया पडते." सुनेचं रडणं तिला ऐकू येत होतं आणि ती भिंतीकडं बघत होती. मला तिची भीती वाटली, खोटं कशाला सांगू?

भाजक्या फौजीचं खोपाट आष्ट्यापासून सायकलीच्या वाटेवर होतं. चारी बाजूला उभा ऊस, वारा नाही, भर दुपारी आत काळोखी. पाचटावर पाय पडला की एवढा आवाज व्हायचा, की आपणच दचकावं. खोपटाच्या दारात एक माणूस पाठमोरा बसून दोर वळत होता. दाजी थांबले. त्यांनी हळूच हाक मारली, "नाथाजी!"

तो माणूस उसळून उठला. भाजलेलं तोंड आमच्याकडं वळलं, आणि त्या एका डोळ्यात जे भय होतं, ते माझ्या अजून ध्यानात आहे. "नाथा मेला," तो म्हणाला. "माझ्या म्होरं मेला. मी जालिंदर."

तो दोर घेऊन पुन्हा खाली बसला. मग त्यानं सांगितलं. दोघं एका पलटणीत, एका खंदकात. गोळा पडला. नाथाजीचं काही उरलं नाही, आणि जालिंदर कित्येक महिने दवाखान्यात. शुद्धीवर आल्यावर त्यानं साहेबाला सगळं सांगितलं, पण कागद अजून फिरतच होता.

"आन् घरी?" दाजी म्हणाले. "त्याच्या घरी कळवावं वाटलं न्हाई?"

"कळवलं की. चालाय आल्या आल्या म्हसवड गाठलं. दुष्काळ चालू हुता. त्याची बायकू खडी फोडाय गेलती, आई एकली हुती. तिला सांगितलं. म्हातारी रडली न्हाई. शिद्धनाथाचा भंडारा आनला, माझ्या हातावर ठिवला आन् शपथ घातली. सुनंला कळाय न्हाई पायजे. एक गेला, आता ती बी गेली तर मी कुनाच्या तोंडाकडं बगू, म्हनली. मग भाकर वाढली. जाताना एक रुपया दिला. म्हनली, माझ्या नाथाला तमाशाचं लय याड. लांबच्या कुठल्या तरी जत्रंत त्याच्या नावानं दे. येकदा पुकारू दे त्याचं नाव."

लांबच्या जत्रेत पुकारलेलं नाव रिळावर बसतं आणि फिरत फिरत आपल्याच मांडवात येतं, हे त्या बिचारीला काय माहीत?

म्हसवडच्या गाडीत मी म्हणालो, "म्हातारीला बाजूला घिऊन आदी इचारा." त्यांनी नको म्हणून मान हलवली. घरात गेले, दोघींच्या मध्ये बसले आणि जालिंदरनं जसं सांगितलं तसं सगळं सांगितलं.

शालूबाई सासूकडं वळली. "आत्याबाई, खरं?"

राहीबाई म्हणाली, "सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

"गेलेच असते. पन सांगून गेले असते. सनासुदीला आले असते, तुमची लुगडी धुतली असती." तिचा आवाज चढला नाही. "तीन वर्सं तुमी मला त्येंच्या नावानं कुकू लावाय लावलं. मी रोज त्येंचं ताट करून झाकायची, तवा तुमी बगत हुता."

शालूबाईनं तांब्या भरून सासूच्या उशाला ठेवला, चुलीतलं लाकूड मागं ओढलं, आणि एक गाठोडं घेऊन निघाली. लोणंदच्या बिजवरानं तोवर दुसरी बायको केली होती. तिला ते ठाऊक होतं. तरी ती भावाकडं गेली. मी स्टँडवर तिला फलटणच्या गाडीत बसवलं, तेव्हा तिचे हात बांगड्यांवाचून होते. मी त्या म्हातारीला माफ केलं नाही. आजही नाही.

दाजींचं मात्र निराळं. पुढच्या यात्रेला म्हसवडला त्यांचा कर्णा होता, तेव्हा राहीबाई चाचपडत मशीनजवळ आली. एवढ्यात तिचे डोळे पार गेले होते. "कर्णेवाले, तुमच्या त्या रिळात नुसतं नाव हाय. आवाज न्हाई," म्हणाली. "लढाईच्या आदी त्यो सुट्टीवर आला की समद्या जत्रा फिरायचा. लावनी रंगली की आरोळी द्यायचा, 'हाण गड्याऽऽ!' तुमच्या एवढ्या रिळांत कुठं तरी असंल की."

दाजी जुनी रिळं लावून बसू लागले ते तेव्हापासून. गलका ऐकायचा, आरोळी सापडली की रीळ बाजूला काढायचं आणि म्हसवडला गेले की म्हातारीला ऐकवायचं. मी चिडायचो. "जिनं सुनंचा जनम जाळला तिची कसली चाकरी?" ते म्हणायचे, "पाव्हनं, कर्णेवाल्याकडं आवाजच मागनार मानूस." राहीबाई जमिनीवर ठेवलेल्या कर्ण्याला कान लावायची आणि दर वेळी मान हलवायची. न्हाई. ह्यो न्हाई.

अठ्ठ्याहत्तरच्या यात्रेत, सकाळच्या वेळी, दाजींच्या हाताला चुकून नवं रीळ लागलं. त्याच वर्षीच्या चैतातलं. ढोलकी थांबली, गलका उठला आणि त्यातून एक आरोळी आली, "हाण गड्याऽऽ!"

राहीबाई ताठ झाली. तिनं कर्णा दोन्ही हातांनी धरला. "ह्यो," म्हणाली. "ह्योच. ह्योच माजा नाथा." आणि तेव्हा मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं.

दाजींनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. चैतातल्या त्या जत्रेत मी त्यांच्या मशीनशेजारीच उभा होतो. आरोळी माझी होती.

"व्हय आई," दाजी म्हणाले, "त्योच."

म्हातारी म्हणाली, "परत लावा." त्यांनी परत लावलं. मी तोंड मिटून उभा राहिलो.