दहा पौर्णिमा कमी

आईचं सहस्रचंद्रदर्शन एक जूनला करायचं, असं धाकट्या भावानं पुण्याहून फोनवर ठरवून टाकलं. तिला ऐंशी पुरी होत होती, मुलांना सुट्ट्या होत्या आणि गुरुजींचीही हरकत नव्हती. मला फक्त धाराशिवात कार्यालय बघायचं होतं. मी हो म्हणालो, फोन ठेवला आणि सवयीनं मनात भागाकार केला. पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस आणि वर थोडं. ऐंशी वर्षांत अशा हजार बसत नाहीत, नऊशे नव्वद होतात. आई समोरच शेंगा फोडत बसली होती. तिनं विचारलं, काय पुटपुटतोस? मी सांगितलं.

"किती कमी?"

"दहा."

ती शेंगा फोडायची थांबली. "मग हजार झाल्यावर ओवाळा. नव्वदाला शंभर म्हणून कुणी माप घेत न्हाय."

भावानं मला वेगळा फोन केला. मागच्या हिवाळ्यात आईला सोलापूरच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवावं लागलं होतं. हृदयाची झडप नीट मिटत नाही आणि या वयात शस्त्रक्रिया नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. भाऊ म्हणाला की दहा महिने फार झाले, सगळे ऐंशीलाच करतात, तू तिला समजाव. त्याचं चूक नव्हतं. पण आईनं आजवर स्वतःसाठी कुठला दिवस मागितला नव्हता. हा एक मागितला होता, आणि तो बरोबर असावा एवढंच तिचं म्हणणं होतं.

मग तो दिवस कोणता हे काढायची जबाबदारी माझी. अडचण अशी की एक जून ही तारीखच खरी नाही. आईच्या पिढीतला निम्मा जिल्हा एक जूनला जन्मलेला आहे. शाळेत नाव घालताना गुरुजी ती तारीख लिहून मोकळे होत. आईला तिच्या आईनं सांगितलेलं एवढंच माहीत होतं की जन्म धोंड्याच्या जेठातला, पौर्णिमेच्या चार दिवस आधीचा. धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. तो लागला की आमच्याकडे जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालतात. आणि रझाकाराच्या धामधुमीत घरदार सोडून सगळे पायी बार्शीकडे, निजामाच्या हद्दीबाहेर गेले, तेव्हा शेळीचं दावं तिच्या हातात होतं. म्हणजे पाच-सहा वर्षांची असणार.

एवढ्यावर हिशोब कसा बसवायचा म्हणून मी वाचनालयातून खगोलशास्त्राच्या इतिहासाचं एक जाड पुस्तक आणलं. रविवारी दुपारी वाचत पडलो होतो आणि एका पानावर उठून बसलो. अडीच हजार वर्षांपूर्वी, आजच्या इराकमधल्या बाबिलोनमध्ये, मातीच्या विटांवर आकाशाची टिपणं ठेवणाऱ्या लोकांच्या ध्यानात आलं होतं की एकोणीस वर्षांत चंद्र बरोबर दोनशे पस्तीस वेळा पुरा होतो. एकोणीस बारे दोनशे अठ्ठावीस; वरचे सात म्हणजे सात अधिक महिने. ग्रीकांना हाच आकडा माहीत होता. चिन्यांनी त्यांच्या बाजूनं हाच काढला. ज्यू लोक आजही एकोणीस वर्षांत सातच महिने वाढवतात. एवढ्या लांब लांबच्या माणसांनी एकाच चंद्राकडे बघून बेरीज केली होती आणि सगळ्यांची बेरीज जुळली होती. ज्याला हिशोब जुळल्याचं सुख माहीत आहे त्यालाच कळेल मला काय झालं ते.

पुस्तक उघडंच धरून मी स्वयंपाकघरात गेलो. एकोणीस वर्षांनी चंद्र जागेवर येत असेल तर अधिक महिनाही बहुतेक तोच यायला हवा. कधी एखाद्या महिन्यानं सरकतो, म्हणून पडताळा पाहिजे. मी आईला विचारलं, लग्नानंतर बाबांना पहिले धोंडे कोणत्या महिन्यात घातले?

"जेठात. आमरस होता संगं. मला एकोणीस पुरी."

त्यानंतरचा धोंड्याचा जेठ? तिनं थोडा विचार केला. धाकट्या मावशीच्या लग्नानंतरचा. तेव्हाही आंबे होते, मावशीचा नवरा रसाच्या सहा वाट्या प्याला आणि दोन दिवस निजून राहिला. त्याच्या पुढचा तर माझाच. नळदुर्गला सासरवाडीत अंगणात बसून मी धोंडे खाल्ले होते आणि घामानं सदरा भिजला होता. आणि चौथा आत्ता चार वर्षांमागचा, शेजारच्या नव्या जावयाचा. एकोणीस, अडतीस, सत्तावन्न, शहात्तर. बाबिलोनच्या लोकांनी विटा जपल्या, आमच्या घरानं जावयांची जेवणं जपली. दोन्हींतून आकडा एकच निघाला.

पुढचं सोपं होतं. दोनशे पस्तीस चोक नऊशे चाळीस. राहिल्या साठ. मी आणि आईनं बोटांच्या पेरांवर महिने मोजले, मधला अधिक आश्विनही धरला. ती मोजत होती, मी पंचांगं उलटत होतो. हजारावी पौर्णिमा होळीची निघाली. भावाला कळवलं. तो म्हणाला, "दादा, तुझ्या बाबिलोनवाल्यांना सांग, आईच्या गोळ्याबी वेळेवर द्या म्हणावं."

दोन दिवसांनी आईनंच नवीन शंका काढली. पावसाळ्यातल्या पौर्णिमा कुठं दिसतात? आषाढ-श्रावणात तर महिना महिना आभाळ. मग त्या दर्शनात धरायच्या कशा? शेजारचे चाचा, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, तेव्हा चहाला आले होते. त्यांच्या वर्षात अधिक महिना नसतोच; म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. त्यांचा सगळा कारभार डोळ्यांनी चंद्र दिसण्यावर. म्हणून आईनं प्रश्न त्यांच्याकडे वळवला.

"भाभी, आभाळानं चाँद दिसला न्हाय तर आमच्यात तीस दिवस पुरे धरतात आन् पुढं चालतात," चाचा म्हणाले. "चाँद काय आभाळाला भिऊन माघारी जातो व्हय?"

मग मला पुस्तकातलं आठवलं. बाबिलोनचे टिपणंवाले ढगाळ रात्री तसंच लिहून ठेवत, की ढग होते, पाहिलं नाही. मोजणी मात्र तोडत नसत. मी आईला तेही सांगितलं.

ती चाचांचा कप उचलता उचलता म्हणाली, "म्हंजे लई जणांनी इचार केलाय ह्याचा." तेवढ्यावर तिची शंका मिटली.

त्यानंतरचे महिने मी असे कधी काढले नव्हते. कोजागिरीला नऊशे पंच्याण्णव. भाऊ दर पौर्णिमेला फोन करून आधी आकडा विचारायचा, मग तब्येत. पौषात आईला दम लागला आणि पुन्हा सोलापूर गाठावं लागलं. नऊशे अठ्ठ्याण्णववी तिनं दवाखान्याच्या खिडकीतून पाहिली. भाऊ रात्रीतून आला होता. तो खिडकीपाशी तिच्यामागं उभा राहिला. त्यानं मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

होळीला घर भरलं. भावानं येताना तेरखेड्याहून फटाक्यांची पेटी आणली होती. गच्चीवर खुर्ची मांडली, ऐंशी पणत्या लावायच्या म्हणून वाती भिजवून ठेवल्या. मी पंचांगातून चंद्रोदयाची वेळ काढून सगळ्यांना सांगितली होती, त्यामुळं पोळ्या, साड्या, आवराआवर सगळं त्या वेळेच्या बेतानं चाललं होतं. गुरुजींना मी दोनदा सांगितलं की अजून दहा मिनिटं आहेत. तेवढ्यात वरून माझ्या बायकोनं हाक मारली.

दोन-दोन पायऱ्या चढत गेलो. दिवस अजून मावळला नव्हता. पूर्वेला पाण्याच्या टाकीशेजारी चंद्र वर आलेला, ताकासारखा फिकट, आणि आई त्याच्याकडे तोंड करून हात जोडून बसलेली.

"कवाचा आलाय," ती म्हणाली. "तुझ्या पंचांगाला सांग."

मागं भाऊ हसत सुटला. मला तिथंच उलगडा झाला. पंचांगातली वेळ मुंबईची. धाराशिव मुंबईच्या पूर्वेला तीन अंशांहून थोडं जास्त. चंद्र आमच्याकडे तेरा मिनिटं आधी उगवतो. सगळ्या जगाचे हिशोब तपासले आणि ही वजाबाकी राहिली. गंमत म्हणजे आपल्याकडचे जुने ज्योतिषी वेळ धरत ती उज्जैनवरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेची, आणि ती रेषा आमच्याच जिल्ह्यातून, वाशी-तेरखेड्याच्या आसपासनं जाते. त्यांच्या हिशोबानं आम्हाला दुरुस्ती जवळपास नव्हतीच. मी हे भावाला भराभर सांगायला लागलो. तो म्हणाला, दादा, आधी आईला ओवाळू दे.

पणत्या लागल्या. गुरुजींचं झालं. चाचांनी जिन्यातूनच मुबारक म्हटलं. ओवाळायचा पहिला मान भावानं मागून घेतला. तो ताट घेऊन आईसमोर उभा राहिला आणि निरांजनाची ज्योत इकडून तिकडे जायला लागली. टाकीवरचा चंद्र एव्हाना पिवळा होत होता. आईनं भावाचं मनगट खालून धरलं.

"हलू नको, दिवा इझंल," ती म्हणाली. "मी कुटं चालले न्हाय."