मामांच्या नापास काचा

प्रयोगशाळेतल्या मामांकडे पदवी नव्हती, पण भलेभले पदवीवाले त्यांच्यापुढे गप्प बसत. काम ऐकायला सोपं. जस्ताचं मीठ पाण्यात विरघळवायचं, त्यात चिमूटभर ॲल्युमिनियमचं मीठ घालायचं आणि तापलेल्या काचेवर ते धुक्यासारखं फवारायचं. काचेवर जस्ताच्या ऑक्साइडचा पातळ थर बसतो. आरपार दिसतं आणि वीजही वाहते. सौरपट्ट्यांना असली काच लागते. करायला बसलं की मात्र नाकी नऊ येतात. सलग फवारलं तर काच गार पडते आणि थर दुधाळ होतो. मामा तीन सेकंद फवारत, वीस आकडे मोजत, मग पुन्हा फवारत. काच पुरती तापलीय की नाही, हे त्यांना फवाऱ्याच्या आवाजावरून कळे. तीस वर्षं त्यांनी यंत्रापेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवला आणि यंत्रानेही त्यांना कधी खोटं पाडलं नाही.

संशोधन करणारी मुलगी त्यांना मामा म्हणे, म्हणून ती भाची. महिनाअखेरीपर्यंत तिला बारा चांगल्या काचा हव्या होत्या, नाहीतर तीन वर्षांचं काम पाण्यात.

मामांची परीक्षा एकच. काच छापील कागदावर ठेवायची. अक्षरं स्वच्छ दिसली तर पास. पुसट दिसली तर मीटर लावायचीही गरज नाही, सरळ डब्यात. आणि दोन आठवडे प्रत्येक काच डब्यातच जात होती. मामा नळी धुवत, द्रावण बदलत, स्वतःवर चरफडत.

“दुधाळ. टाक.”

भाची तोंड पाडून टाकत होती. मामांनी नापास केलेली काच पुन्हा तपासायची कोणाची छाती होती?

चार दिवस उरले, तेव्हा ती डबा रिकामा करायला बसली. तळाशी जुनं वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्यावरच्या काचेतून त्यातली बारीकशी जाहिरातही तिला लख्ख वाचता आली. तिने मीटर लावला. वीज वाहत होती. दुसरी काच तशीच, तिसरीही. आनंद व्हायचा सोडून तिने उरलेल्या काचाही तपासल्या आणि तळाचा तो कागद घेऊन ती मामांकडे गेली.

“मामा, एवढं वाचता?” तिने नुसता कागद पुढे केला, काचेविना.

घरी पेपर मामी मोठ्याने वाचत, त्यामुळे मामांनी कित्येक महिन्यांत नुसता कागद वाचला नव्हता. त्यांनी तो जवळ नेला, लांब नेला आणि हळूच खाली ठेवला.

“चांगल्या किती निघाल्या?”

“नऊ.”

“म्हणजे दुधाळ माझे डोळे होते.”

दुसरा कोणी सतरा सबबी सांगत बसला असता. मामा तडक मोठ्या सरांकडे गेले आणि दार उघडं ठेवूनच म्हणाले, “पोरीची काही चूक नाही. नऊ चांगल्या काचा मी डब्यात घातल्या.” भाचीने तीन वर्षांत बरेच विद्वान पाहिले होते, पण अशी छाती एकाचीही पाहिली नव्हती.

अजून तीन काचा हव्या होत्या.

“आता डोळे मिटूनच फवारतो,” मामा म्हणाले. “उघडे ठेवून काय दिवे लावले ते दिसलंच.”

त्यांनी खरंच डोळे मिटले, कान दिला आणि फवारलं. भाचीने काचांतून वाचून दाखवलं. तिन्ही पास.

पुढे मोतीबिंदू काढून मामा कामावर परतले. भाचीने स्वतः फवारलेली पहिली काच त्यांच्यासमोर कागदावर ठेवली. मामा वाकून बराच वेळ बघत राहिले.

“दुधाळ,” ते म्हणाले. “टाक.”

तिने वाकून पाहिलं. खरंच दुधाळ होती. ती काच डब्यात टाकताना तिला आनंदाने रडू आलं.