दहाव्याच्या दिवशी बोटीवर

हाँगकाँगमधल्या मंडळींनो, आज तुम्ही जेवायला बोलावलं होतं आणि आम्ही आलो नाही. आम्ही दोघं बोटीवर होतो.

माझ्या सासऱ्यांचा, अण्णांचा, आज गावी, काष्टीला, दहावा होता. आम्हाला जाता आलं नाही. घरात बसवेना, म्हणून दर रविवारसारखे हार्बरवर गेलो. बोटीत बसलं की व्हिडिओ कॉल करून अण्णांना पाणी दाखवायचं, हा आमचा नेम होता. यंदा त्यांना इथं आणणार होतो.

बोट सुटली आणि धाकट्या दिराचा फोन आला.

"दादा, तास झाला, कावळा शिवंना. अण्णांचं काय राह्यलं असंल? तूच बोल."

त्याने फोन पिंडांसमोर धरला.  ह्यांनी कॅमेरा पाण्याकडे वळवला आणि म्हणाले, "अण्णा, बसा. बोट सुटली."

तिकडे गलका झाला. "शिवला, शिवला!"

मला रडू आलं नाही. ह्यांनाही नाही. बोट धक्क्याला लागली, तरी आम्ही बसूनच होतो.

अण्णांचा नवा पासपोर्ट गावाकडे कपाटात आहे, कोरा. त्याचं काय करतात, कोणाला माहीत आहे का?