कवठवाडी पाटीला थांबा नाही

माणूस रिटायर झाला की त्याचा पगार थांबतो, खोड थांबत नाही. ज्याला हे पडताळून पाहायचं असेल त्याने लातुरात आमच्या गल्लीत यावं आणि शेषेराव काकांना एखाद्या लग्नाच्या पंगतीत बघावं. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, त्यातली बावीस लातूर–नांदेड जलद गाडीवर. पंगतीत बसण्याआधी ते डोकी मोजतात. कोणी मध्ये जागा सोडून बसला तर "पुढं सरका, मागं माणसं उभी हायेत" म्हणतात. एका मयतीला स्मशानाच्या दारात गर्दी झाली, तर तिथेही त्यांनी हाच हुकूम सोडला आणि मेलेला सोडून सगळे निमूट पुढे सरकले.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षं भाड्याने राहतो. जिन्यात जरा टेकलो की खालून आवाज येतो, "दारात उभं राहू नका." स्वतःच्या भाड्याच्या जिन्यात उभं राहायची चोरी. मला राग येतो आणि मी पुढे सरकतो.

त्यांची बायको सिंधुकाकू. बोलायला मोजकी, पण बोलली की समोरच्याची दुपार खराब. माहेर लोहा तालुक्यातलं कवठवाडी, म्हणजे नांदेड जिल्हा, आणि ते गाव त्यांच्या बोलण्यात दिवसातून चारदा तरी येतं. एकुलता एक मुलगा, बालाजी, हैदराबादला नोकरीला. त्याची जागा घरात चार वर्षांपूर्वी एका मांजरीने घेतली. चिमी तिचं नाव. पांढरीशुभ्र, शेपूट तेवढं तांबडं, वजन साडेपाच किलो आणि स्वभाव तहसीलदाराचा. दोन दिवसांचं पिल्लू असताना काकूंनी तिला कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं होतं. तेव्हापासून तिने उंबरठा ओलांडलेला नव्हता. पाल दिसली तरी ती स्वतः उठायची नाही, काकूंकडे बघायची.

काका चारचौघांत या मांजरीला नावाने हाक मारत नसत. "तुमचं ते जनावर" म्हणत. पण मला एक गोष्ट माहीत होती, जी काकूंना माहीत नव्हती.

सकाळी सहाला काकू देवळात जातात. त्या कोपऱ्यावर वळल्या की खालून, माझ्या खाटेच्या बरोबर खालून, काकांचा आवाज सुरू होतो. "लातूऽर... चाकूर... शिरूर... अहमदपूर... माळाकोळी..." मग आवाज जरा खाली येतो. "कवठवाडी पाटी. कवठवाडीवाले उतरून घ्या." आणि वाटीवर चमचा वाजतो. एकदाच. टण्. मग वाटी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आणि मांजरीचं लपालपा दूध पिणं. तीन वर्षं मी रोज हे ऐकत होतो. पहिल्या महिन्यात मला वाटलं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. पुढे सवय झाली. ज्याला गजर लावायचा कंटाळा आहे त्याने अशा घरात भाड्याने राहावं.

आता मूळ भानगड. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो. तो आला की गल्लीत जणू वरात येते. सगळ्यांची दारं सताड उघडी, दारातून पाइप आत गेलेला, मोटारी घुं घुं करतायत आणि घरातली भांडी, पिंपं, बादल्या, जे जे पोकळ आहे ते ते भरून घ्यायचं. या दिवशी काकूंच्या घरात कामाची वाटणी पक्की असते. मोटार काकूंची, दार काकांचं. पाइपामुळे दार लागत नाही, म्हणून काकांनी खुर्ची टाकून दारात बसायचं आणि मांजर बाहेर जाऊ द्यायची नाही. दारात उभं राहू नका म्हणणाऱ्या माणसाला देवाने दिलेली शिक्षाच ही.

त्या मंगळवारी काका खुर्चीवरून उठले. कारण शरणप्पा. हा दोन घरं सोडून राहतो आणि प्लास्टिकच्या ड्रमांचा धंदा करतो. लातूरला पाणी कमी पडलं तसा हा फुगत गेला. त्याच्या अंगणात रिकाम्या निळ्या ड्रमांची चळत लागलेली असते, आणि त्याची मोटार दोन घोड्यांची आहे, असा गल्लीचा संशय आहे. आमची धार बारीक झाली तसे काका तरातरा त्याच्या दारात गेले आणि "ओव्हरलोड चालवायलास तू" म्हणून भांडायला लागले. शरणप्पाही काही कमी नाही. पंधरा मिनिटं दोघांनी एकमेकांच्या मोटारींचा उद्धार केला. परत आले तेव्हा खुर्ची जागेवर होती, पाइप जागेवर होता, चिमी नव्हती.

काकूंनी आधी घर पालथं घातलं. कपाटामागे, गादीत, पिठाच्या डब्यात सुद्धा. मग बाहेर आल्या. मी जिन्यात उभा होतो.

"दार कुणाचं व्हतं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"अगं, तो शरणप्पा..."

"मी शरणप्पाचं इचारलं न्हाई. दार कुणाचं व्हतं?"

"माझं," काका म्हणाले.

"मग झालं. ज्याला जिंदगीत कदी थांबता आलं न्हाई, त्याला दारात थांबता येतंय व्हय?"

काकांचं तोंड असं उतरलं, की मला वाटलं हे मांजरीबद्दल नाहीये. आणि नव्हतंच. त्या दुपारी काकूंनी माझ्या दारात बसून, डोळ्याला पदर लावून, तीस वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं.

बालाजी आठ महिन्यांचा होता. पंचमीला माहेरी निघाल्या होत्या, कडेवर पोर, हातात पिशवी, आणि गाडी नवऱ्याचीच. नवऱ्याने बायकोचंही तिकीट फाडलं, लोह्यापर्यंतचं, कारण कवठवाडी पाटीला, म्हणजे गावाच्या फाट्यावर, जलद गाडीला थांबा नाही. पाटीवर भाऊ बैलगाडी घेऊन उभा राहणार होता. माळाकोळी गेली तशी काकूंनी नवऱ्याला हळूच म्हटलं, "एक घंटी मारा की." एसटीत एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. यांनी घंटीच्या दोरीला हात लावला नाही. वर म्हणाले, उद्या परतेक कंडक्टर आपली बायको घेऊन येईल आन् गाडी नांदेडला पंचमी झाल्यावर पोचंल. पाटी आली. भाऊ रस्त्याच्या कडेला उभा, हात करतोय. गाडी भर्रकन त्याच्या अंगावर धूळ उडवून गेली. काकू लोह्याला उतरल्या आणि साध्या गाडीची वाट बघत दोन तास उन्हात बसल्या. पोर रडून रडून निळं पडलं. भाऊ घरी जाऊन सांगून बसला होता, पाव्हण्यांनी आपल्याकडं बघितलंबी न्हाई.

"आन् हे काय म्हणतेत म्हाईतंय? गर्दी व्हती, मला दादा दिसलाच न्हाई. तीस वर्सं हेच." काकूंनी नाक पुसलं. "दादा गेला चार सालाखाली. तो मरेपर्यंत हेंच्याशी धड बोलला न्हाई."

त्या उठून गेल्या आणि मी भिंतीकडे बघत बसलो. म्हणजे रोज सकाळी खालून ऐकू येणारं 'कवठवाडीवाले उतरून घ्या' हे वेड नव्हतं. बावीस वर्षं जी गाडी थांबवली नाही ती हा माणूस रोज बायको देवळात गेल्यावर थांबवत होता, मांजरीसाठी. चोरून. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

शोध सुरू झाला. काकांनी तो खात्याच्या शिस्तीने चालवला. विजेच्या खांबावर कागद चिकटवला: 'पांढरी मांजर, शेपूट तांबडे, वय चार. आढळल्यास शेषेराव यांच्या खिडकीवर चौकशी करावी. सुट्टे मांजर आणू नये.' सुट्टे मांजर म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मग त्यांनी दार न् दार वाजवून घरं तपासली, अगदी फुकट्या प्रवासी पकडायला गाडीत चढावं तशी. लोकांनी पण हौसेने मदत केली. गल्लीच्या ग्रुपवर चार फोटो आले, त्यातला एक ससा निघाला. एका बाईने काळाकुळकुळीत बोका पोत्यात घालून आणला आणि म्हणाली, "उन्हानं काळी पडली असंल." शरणप्पाने आपल्या अंगणात चार वेळा बघितल्याचं शपथेवर सांगितलं.

काकू मात्र दारात बसून "चिमे, ये गं माय" अशी हाक घालत होत्या. दोन दिवस झाले. त्यांनी स्वयंपाक केला, काकांचं ताट वाढलं, स्वतः पाणी पिऊन झोपल्या. नवऱ्याशी एक शब्द नाही. भांडत असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. बुधवारी संध्याकाळी मी काकांना ओट्यावर गाठलं.

"काका, घरातली मांजर लांब जात नाही. भेदरते आणि जवळच कुठंतरी दडून बसते. नुसत्या हाकेनं यायची नाही."

"मग कशानं येईल?"

"तुमच्या सकाळच्या गाडीनं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी विनातिकीट त्यांच्या डोक्यात चढलो होतो. "तू ऐकतूस?"

"तीन वर्षं."

त्यांनी चपलेचा अंगठा चाचपला. मग म्हणाले, "म्या काल केलं बघ, हळूच. पार खांबापर्यंत जाऊन आलो. न्हाई आली."

"सगळी गावं घेतली?"

त्यांनी दाराकडे बघितलं.

"ते एक गाव घेतलं का?"

"ही दारात बसलेली असतीया की रे," ते एकदम चिडून म्हणाले. "हिच्या म्होरं त्या गावाचं नाव कोन्या तोंडानं घेऊ? आन् घेतलं तर ती हासंल, न्हाईतर रडंल. मला हासलेलं चालंल एक वेळ, रडलेलं न्हाई चालायचं." एवढं बोलून ते आत गेले. मला खरं तर फार राग आला होता. गाडी थांबवायची लाज, मग नाव घ्यायची लाज. एवढी लाज घेऊन माणूस बावीस वर्षं तिकिटं कशी फाडत होता?

गुरुवारी सकाळी सहाला काकू देवळात गेल्या नाहीत. उंबऱ्यावर बसून राहिल्या. बाया अंगणं झाडत होत्या, शरणप्पा तोंडात ब्रश घालून त्याच्या फाटकात उभा होता. आतून काका बाहेर आले, अंगात बनियन, कमरेला लुंगी, एका हातात दुधाची वाटी, दुसऱ्यात चमचा. कोणाकडेही न बघता ते गल्लीत उतरले आणि त्यांनी बस स्टँडवरचा तो आवाज काढला, जो ऐकून एके काळी अख्खा फलाट उठून उभा राहायचा.

"लातूऽर! चाकूर! शिरूर! अहमदपूर!"

झाडू थांबले. शरणप्पाच्या तोंडातून फेस गळला.

"माळाकोळी!" काकांचा आवाज किंचित अडखळला. "लोहा! नांदेऽड!"

काहीच झालं नाही. गल्लीत कोणीतरी फिसकन हसलं. मला राहवलं नाही. मी वरून गॅलरीतून ओरडलो, "काका, गाडी मागं घ्या! एक स्टॉप राहिला!"

त्यांनी वर माझ्याकडे खाऊ का गिळू बघितलं. मग उंबऱ्यावर बसलेल्या बायकोकडे बघितलं. काकू त्यांच्याचकडे बघत होत्या. काकांनी वाटी छातीशी धरली आणि पहिल्यापासून सुरू केलं, लातूर, चाकूर, शिरूर, अहमदपूर, माळाकोळी. शरणप्पाच्या फाटकापाशी येऊन ते थांबले.

"कवठवाडी पाटी," ते म्हणाले. आवाज पार खाली गेला होता, पण गल्ली एवढी चिडीचूप होती की वर मलाही ऐकू आलं. "कवठवाडीवाले... उतरून घ्या."

टण्.

शरणप्पाच्या ड्रमांच्या चळतीत, तळाशी, एक आडवा ड्रम हलला. त्यातून आधी तांबडं शेपूट आलं, मग बाकीची चिमी उलटी, मागच्या मागे सरकत बाहेर आली. धुळीने मळलेली, मिशांना जाळं. कोणाकडे न बघता ती सरळ काकांच्या पायाशी गेली आणि म्याव केलं, म्हणजे उशीर झाल्याची तक्रार केली. चार वेळा शपथेवर बघणाऱ्या शरणप्पाला तेवढ्यात आठवलं की आपली चूळ भरायची राहिलीय.

काकांनी वाटी खाली ठेवली. काकू उठून आल्या होत्या. मला वाटलं त्या मांजरीवर झडप घालतील, पण त्या तशाच उभ्या राहिल्या.

"रोज?" त्यांनी विचारलं.

काकांनी मान हलवली.

"तिथंच?"

"तिथंच." मग ते मांजरीकडे बघत म्हणाले, "सिंधू, दादा दिसला व्हता मला. हात करीत व्हता. निळा सदरा घातला व्हता त्यानं. गर्दी न्हवती."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. बाया झाडू हातात धरून उभ्या. मी गॅलरीत. तीस वर्षांचं भांडण आता कसं उसळतंय म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून, आणि खोटं कशाला बोला, थोडे चवीने बघत होतो.

चिमीने वाटी चाटून साफ केली. काकूंनी तिला उचलून कडेवर घेतलं, तीच कड, मग खाली वाकून रिकामी वाटी उचलली. काकांच्या हातातला चमचा काढून घेतला.

टण् टण्.

"चला," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

काका त्यांच्यामागून गेले. त्यांनी दार लावलं, वरची कडी घातली, मग खालची पण घातली. मी गॅलरीतून जिन्यात आलो, उगाच, आत काय बोलतायत ते ऐकू येईल म्हणून. कान लावून दोन पायऱ्या खाली उतरलो. मग आतून काकू ओरडल्या, "दारात उभं राहू नका!"